कोजागिरीचा चौघींचा डाव



दोन वर्षांमागची कोजागिरी. आमच्या गटाच्या बायका देवळाच्या ओट्यावर जमल्या होत्या. महिन्याची बचत लिहून झाली होती, दूध चुलीवर होतं आणि चंद्र अजून निंबाच्या वर आला नव्हता. आमच्यातल्या एकीच्या लेकीनं बुद्धिबळाचा पट आणला आणि ती मैत्रिणीबरोबर खेळायला बसली. आम्ही पंधरावीस जणी भोवती. चाली कुणाला कळत नव्हत्या, तरी बघायला बरं वाटत होतं. थोड्या वेळानं गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "दोघींनी खेळायचं आन् बाकीच्यांनी नुसत्या माना हलवायच्या, ह्यो कसला गं डाव? चौघी बसतील असं काय न्हाई व्हय ह्यात?"

आम्ही हसलो. पण प्रश्न मनात राहिला, कारण आमचे सगळे बैठे खेळ चौघांचेच. सारीपाट चौघांचा, पत्त्यांचा डाव चौघांचा, जात्यावर बसायच्या त्या दोघी, पण ओवी ऐकायला आणखी दोघी असायच्याच. मग बुद्धिबळच दोघांपुरतं का? आमच्यातल्या शिकलेल्या पोरींनी ग्रंथालयं पालथी घातली, एका निवृत्त मास्तरांनी जुनी पुस्तकं वाचून दाखवली, आणि आजींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. चौघांचं बुद्धिबळ होतं. हजार वर्षांपूर्वी होतं. आणि नवल असं, की त्याचे नियम ज्या पुस्तकात लिहून ठेवलेत, त्यात ते कोजागिरीच्याच रात्रीसाठी सांगितलेत.

ते पुस्तक बंगालचं. सोळाव्या शतकात नवद्वीप गावी रघुनंदन भट्टाचार्य नावाचे मोठे पंडित होऊन गेले. कोणत्या तिथीला काय करावं याचा त्यांनी एक ग्रंथ लिहिला, 'तिथितत्त्व'. त्यात आश्विन पौर्णिमा आली. या रात्री लक्ष्मी फिरते, कोण जागं आहे म्हणून विचारते, तेव्हा जागरण करावं, आणि जागरण करायचं तर डाव मांडून बसावं, असं सांगून त्यांनी चतुरंगाचे नियम दिलेत. आपण दूध आटवतो, गाणी म्हणतो, डोळे मिटायला लागले की एकमेकींना कोपरानं ढोसतो. तिकडे पट मांडत असत. कारण एकच, झोप येऊ नये.

त्याच्याही पाचशे वर्षं आधी, साधारण 1030 साली, अल्बेरुनी नावाच्या विद्वानानं हिंदुस्थानावर मोठं पुस्तक लिहिलं. गझनीच्या महमूदाबरोबर तो या देशात आला. लढाया सोडून लोक काय खातात, कसे मोजतात, काय खेळतात हे बघत बसणारा हा माणूस. त्यानं लिहून ठेवलंय की इथं चौघे जण फासे टाकून बुद्धिबळ खेळतात. म्हणजे एक परदेशी पाहुणा आणि एक बंगाली पंडित, दोघांची साक्ष जुळते. खेळाला आज चतुराजी म्हणतात. चार राजांचा खेळ.

आता खेळ कसा तो सांगतो. कागद पेन्सिल असेल तर जवळ घ्या, नसेल तर चुलीपुढच्या राखेत काडीनं आखा.

पट आपला नेहमीचाच, आठ आडव्या आठ उभ्या, 64 घरांचा. चौघी चार बाजूंनी बसतात. प्रत्येकीला आठ सोंगट्या: एक राजा, एक हत्ती, एक घोडा, एक नौका आणि चार प्यादी. वजीर नाही, उंट नाही. आपल्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात नौका, तिच्याशेजारी घोडा, मग हत्ती, मग राजा. चौघांच्या पुढं एकेक प्यादं. झाली मांडणी.

चाली म्हणाल तर राजा कोणत्याही बाजूला एक घर. हत्ती सरळ, वाट मोकळी असेल तितका. घोडा अडीच घरं. प्यादं एक घर पुढं, मारताना तिरकं. हे सगळं आपल्याला ठाऊक असलेलंच. नवी आहे ती नौका. ती तिरकी जाते, दोन घरं, आणि मध्ये कुणी असलं तरी त्याच्यावरून उडी मारून. बंगालात नद्या फार, म्हणून तिथल्या सैन्यात नौका आली असं वाचलं. आमच्या सांगलीच्या मैत्रिणींना हे समजावून सांगावं लागलं नाही. 2019 च्या पुरात ज्यांनी नावेत बसून घर सोडलं, त्यांना सैन्यात नाव कशाला असा प्रश्न पडत नाही.

पण मनाला येईल ती सोंगटी हलवायची नाही. आधी फासा टाकायचा. पाच पडले तर राजा किंवा प्यादं हलवायचं. चार पडले तर हत्ती, तीन पडले तर घोडा, दोन पडले तर नौका. आम्ही फासा केला नाही. लाडूच्या डब्यात दोन, तीन, चार, पाच अशा चार चिठ्ठ्या टाकल्या आणि डोळे मिटून काढल्या. लुडोचा फासा असेल तर एक आणि सहा पडल्यावर पुन्हा टाका, तेवढंच.

अल्बेरुनीनं गुण दिलेत ते असे: राजा मारला तर 5, हत्तीचे 4, घोड्याचे 3, नौकेचे 2, प्याद्याचा 1. पूर्वी यावर पैज लागायची. आम्ही पैज म्हणून शेंगदाण्याचे लाडू लावले, कारण बचत गटाच्या ओट्यावर पैशाची पैज लावली असती तर अध्यक्षबाईंनी दूधसुद्धा दिलं नसतं.

आणि सोंगट्या कुठून आणायच्या म्हणाल, तर हे आम्हाला फार आवडलं. नेहमीचा बुद्धिबळाचा संच घ्या. त्यात 32 सोंगट्या असतात आणि या खेळालाही बरोबर 32 च लागतात. सोळा प्यादी, म्हणजे चौघींना चार चार. चार घोडे, चार हत्ती. चार उंट आहेत, त्यांच्या नौका करा. राजे दोनच आहेत, पण वजीर दोन आहेत, त्यांना राजा करा. एक सोंगटी कमी पडत नाही, एक जास्त होत नाही. पांढऱ्या दोघींच्या, काळ्या दोघींच्या. एकीच्या ओळखू याव्यात म्हणून आम्ही लाल टिकल्या लावल्या, दुसरीच्या मोकळ्या ठेवल्या.

हा हिशेब इतका चपखल जुळतो म्हणून एकेकाळी लोकांना वाटलं, की आपलं दोघांचं बुद्धिबळ या चौघांच्या खेळातूनच निघालं असणार. दोन जोडीदारांची सैन्यं एकत्र झाली, एका राजाला वजीर करून खाली बसवलं, फासा फेकून दिला, झालं. डंकन फोर्ब्स नावाच्या स्कॉटिश पंडितानं 1860 मध्ये बुद्धिबळाचा इतिहास लिहिला, त्यात त्यानं हेच मांडलं आणि चौघांचा खेळ पाच हजार वर्षांचा ठरवला. त्याचा आधार काय? तर 'तिथितत्त्वा'तले नियम व्यासांनी युधिष्ठिराला सांगितले असं दाखवलंय. युधिष्ठिर म्हटला की आपल्याला द्यूत आठवतं, आणि द्यूत म्हटलं की द्रौपदी. म्हणून गोष्ट पटते. पण महाभारतात हे संभाषण नाहीच. तिथं शकुनीचे फासे आहेत, हत्ती-घोड्यांचा पट नाही. जुन्या ग्रंथाला वजन यावं म्हणून व्यासांचं नाव जोडायची आपल्याकडे रीतच होती. पुढं मरे नावाच्या अभ्यासकानं 1913 मध्ये बुद्धिबळाचा जाडजूड इतिहास लिहिला आणि साक्षीपुरावे तपासून सांगितलं, की दोघांचा खेळच आधीचा दिसतो. सातव्या शतकात हर्ष राजाच्या दरबारातल्या बाणभट्टानं चतुरंगाचा उल्लेख केलाय, इराणातही त्याच सुमाराला हा खेळ पोचला होता. चौघांच्या खेळाची साक्ष अल्बेरुनीपासून पुढची.

आम्हाला मरेचं म्हणणं पटतं. आपला खेळ पाच हजार वर्षांचा म्हणून सांगायला कुणाला आवडणार नाही? पण बाजारात भाव वाढवून सांगितला की माल पडून राहतो, हे आम्ही भाजी विकून शिकलोय. हजार वर्षं काही थोडी नाहीत.

एक गोष्ट मात्र खरीखोटी न करता सांगते. सर विल्यम जोन्स नावाचे कलकत्त्याचे न्यायाधीश होते. त्यांनी 1790 च्या सुमाराला हिंदुस्थानी बुद्धिबळावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी इथल्या लोकांकडून ऐकलेली कथा दिलीय. रामानं लंकेला वेढा घातला होता, रावण बेचैन होता, तेव्हा त्याचं मन रमावं म्हणून त्याच्या राणीनं लढाईचा हा खेळ रचला. म्हणजे आपली मंदोदरी. इतिहासाला हिचा काही पुरावा नाही. पण ज्या कुणी ही कथा पहिल्यांदा सांगितली, त्यांना बुद्धिबळ बाईनं काढलं असं सांगताना अवघड वाटलं नाही, एवढं तर आहे.

आता तुम्ही म्हणाल, बंगालचं झालं, इराणचं झालं, आमच्या मुलखाचं काय? तर कराडला या.

कृष्णा-कोयनेच्या संगमावर हजार वर्षांपूर्वी शिलाहारांची राजधानी होती. कऱ्हाट म्हणायचे कराडला. तिथली राजकन्या चंद्रलेखा. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य, त्याच्याशी तिचं लग्न झालं. बिल्हण कवीनं त्या राजावर काव्य लिहिलं, त्यात कऱ्हाटच्या स्वयंवराचं वर्णन आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, कर्नाटकात बीदर जिल्ह्यात. आपला हा सगळा मुलूख त्या राज्यात होता. या विक्रमादित्यानंतर त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर गादीवर आला. तो लढायांपेक्षा पुस्तकात रमणारा. त्यानं 1129 च्या सुमाराला 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ केला. शंभर अध्याय. राज्य कसं चालवावं इथपासून मांडे कसे करावेत, वडे कसे तळावेत, हत्तीला काय खायला घालावं, मासे कसे धरावेत इथपर्यंत सगळं त्यात आहे. आणि खेळांच्या भागात चतुरंग आहे. सोंगट्या कुठं मांडायच्या, कोण कसा चालतो, घोडा पटावरच्या प्रत्येक घरात एकदाच जाऊन सगळा पट कसा फिरून येतो, हेसुद्धा.

आम्ही हा भाग ऐकत होतो तेव्हा मास्तर थांबले आणि म्हणाले, याच ग्रंथात तुमचंही एक वाक्य आहे. आमचं कुठलं? तर गाण्याच्या अध्यायात सोमेश्वरानं लिहून ठेवलंय, की महाराष्ट्रातल्या बाया धान्य कांडताना ओवी गातात.

क्षणभर कुणी बोललं नाही. नऊशे वर्षांपूर्वी राजानं आपली ओवी ऐकली आणि लिहून ठेवली, याचं कौतुक वाटलं. मग एक जण म्हणाली, "म्हंजे आतल्या दालनात राजा पट मांडून बसलाय, आन् मागच्या सोप्यात आपण उखळात मुसळ घालतोय." एकाच ग्रंथात दोन्ही. पट राजाच्या करमणुकीत, आणि आपण कामात. ती गाणी आम्हाला प्रिय आहेत, त्यात आमच्या आयांचं सगळं आयुष्य आहे. पण कांडता कांडता गाता येतं, कांडता कांडता बुद्धिबळ खेळता येत नाही. त्याला हात रिकामे लागतात, आणि तासभर कुणी हाक मारणार नाही असं बसायला जागा लागते. चौघींच्या डावाला तर चौघींचे हात एकाच वेळी रिकामे लागतात. आमच्या गावात चार बायकांचे हात एकाच वेळी रिकामे व्हायचे ते कोजागिरीला, नागपंचमीला नाहीतर कुणाच्या दहाव्याला.

तरी बायका खेळल्या नाहीत असं मात्र नाही. गोष्टींत बघा. शंकर-पार्वती सारीपाट खेळतात. खंडोबा-म्हाळसा सारीपाट खेळतात. कराड तालुक्यातल्या पालीला दर पौषात त्यांचं लग्न लागतं, आपण भंडारा उधळायला जातो. जागरणात वाघ्या-मुरळी जी कथा लावतात तिच्यात खंडोबा म्हाळसेशी डाव हरतो, आणि हरल्याची अट म्हणून घर सोडून बाणाईकडे मेंढरं राखायला जातो. आता तो मुद्दाम हरला की काय, यावर आमच्या गटात दोन तट आहेत. पण म्हाळसा पटावर बसली होती, फासे तिच्या हातात होते आणि डाव तिनं जिंकला, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

सारीपाटाची आणि चतुराजीची ठेवण बघा, बहिणी-बहिणी शोभतात. दोन्हीकडे चौघं, चार रंग, समोरासमोरचे जोडीदार, फाशावर चाल. चतुराजी मागं पडली. फासा म्हणजे जुगार, आणि जुगार वाईट, म्हणून बुद्धिबळातून फासा गेला असं अभ्यासक म्हणतात. फासा गेल्यावर दोघांचा खेळ जास्त खोल झाला, हेही खरं. चौघांची हौस सारीपाटानं भागवली. पुढं लुडो आला, तो सारीपाटाचाच नातू.

आणि दोघांचं बुद्धिबळ आपल्याकडं कुठं वाढलं, तर सांगलीत. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, तशी बुद्धिबळाचीही पंढरी म्हणतात. आधी देशी पद्धतीनं खेळायचे. तीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. राजाला एकदा घोड्याची उडी मारायची मुभा असायची. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं व्हायचं, मनाला येईल ते नाही. हा नियम 'तिथितत्त्वा'तही जवळजवळ असाच आहे, म्हणजे नवद्वीप आणि सांगली इतकी लांब नव्हती. समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा ठेवला तर ती बुर्जी, डाव बरोबरीत. गरीब एकट्यावर चढाई करण्यात पुरुषार्थ नाही असा त्यातला भाव. प्याद्यानं मात केली तर तिचा मान मोठा, प्यादेमात. वजिरानं मात करणं सोपं, प्याद्यानं करून दाखवा!

पुढं आंतरराष्ट्रीय नियम आले. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळातून मुलांच्या पिढ्या घडवल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या स्पर्धांना राज्यभरातून पोरं यायची. पोरंच जास्त. पण पोरीही येऊ लागल्या, आणि सांगलीची स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाली.

सांगलीत जन्मलेले नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या पणत्या वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघी मुंबईत वाढल्या आणि तिघी राष्ट्रीय विजेत्या झाल्या. देशातली पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा 1974 मध्ये झाली, ती वासंतीनं जिंकली. रोहिणी 1976 मध्ये, तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. पटावर बाई बसली म्हणून कुरकुर झाली. प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत गेलं. तिचे अध्यक्ष मॅक्स यूवे हे स्वतः एकेकाळचे जगज्जेते. त्यांनी निकाल दिला, की बाई आहे म्हणून कुणाला खेळायला बंदी करता येणार नाही. तेरा वर्षांच्या पोरीसाठी! आमच्या वेळी तेराव्या वर्षी पोरींच्या हाती भाकरीची परात यायची. आणि परवा 2025 च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या शाळेतल्या पोरींनी वर्गात पेढे वाटले.

असो. पुन्हा ओट्यावर येऊ.

गेल्या कोजागिरीला आम्ही चौघींचा डाव खरंच मांडला. एका बाजूला ती शाळकरी पोर, तिच्यासमोर तिची जोडीदार म्हणून आजी. दुसऱ्या दोन बाजूंना एकाच घरातल्या दोन जावा. या खेळात समोरची आपली असते आणि शेजारच्या दोन्ही वैरी. एकीला हे ऐकून हसू आवरेना. "बरोबरच हाय," ती म्हणाली, "बांधाला बांध असला की भांडण ठरलेलं. लांबचं शेत आपलं वाटतं."

पहिल्या फेरीत गंमत झाली. थोरल्या जावेनं चिठ्ठी काढली, चार. हत्ती हलवायचा. पण हत्तीपुढं प्यादं उभं, वाटच नाही. चाल वाया. दुसऱ्यांदा पुन्हा चार. तिसऱ्यांदा पाच आले तेव्हा कुठं प्यादं हललं. ती म्हणाली, "एवढा मोठा हत्ती दारात बांधलाय, पण आधी पोरानं दार उघडलं पाहिजे." फाशामुळं चूक आपलीच असं कुणाला वाटत नाही, म्हणून नवशिक्या बायका घाबरल्या नाहीत. दोघांच्या बुद्धिबळात हरलं की अक्कल कमी पडली असं होतं. इथं म्हणता येतं, आज चिठ्ठीच बरी पडली नाही. आम्ही म्हणतो सुरुवात करायला हा डाव बरा.

मग तो नियम आला, ज्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.

प्रत्येक राजा सुरुवातीला ज्या घरात उभा असतो, ते त्याचं सिंहासन. दुसऱ्याचा राजा तिथं जाऊन बसला की त्यानं सिंहासन जिंकलं. तिथं बसलेल्या राजाला मारून बसला तर पैज दुप्पट. आपला राजा शाबूत ठेवून बाकीचे तिन्ही राजे धरले की ती चतुराजी, सगळ्यात मोठा विजय. जोडीदाराचा राजा मारला गेला आणि आपण शत्रूचा राजा धरला, तर राजाच्या बदल्यात राजा देऊन जोडीदाराला परत आणता येतं. त्याला नृपाकृष्ट म्हणतात. इथपर्यंत सगळ्यांना पटलं.

पण चतुराजीला तीन राजे लागतात, आणि वैरी तर दोनच. तिसरा राजा कुणाचा? जोडीदाराचा. ग्रंथातला नियम असा, की आपला राजा जोडीदाराच्या सिंहासनावर जाऊन बसला, तर दोन्ही सैन्यं आपल्या हुकमात येतात. जोडीदार मग नुसता बघत बसतो.

दोन्ही जावांचा डाव जोरात होता. आजींचा राजा पडला होता, शाळकरी पोरीचा कोपऱ्यात अडकला होता. तेवढ्यात धाकट्या जावेला तीन वेळा पाच आले. तिचा राजा एकेक घर पुढं सरकत पटाचा मध्य ओलांडून गेला. थोरलीचा राजा आपलं घर सोडून आधीच बाहेर पडला होता. धाकटीच्या राजापुढं सिंहासन रिकामं होतं, दोन घरांवर. आणखी दोन पाच पडले तर ती जाऊन बसणार, आणि थोरलीची सगळी सोंगटी तिची.

आजूबाजूला गलका झाला. निम्म्या म्हणाल्या, जा, नियमच आहे तसा, दोन सैन्यं एका हातात आली तर डाव लवकर जिंकाल. निम्म्या म्हणाल्या, अगं जोडीदार ना ती तुझी? तिच्या घरात शिरून चावी घेणार? आजी म्हणाल्या, "इचारून जावं." कुणीतरी म्हणालं, पुस्तकात विचारायचा नियम नाही. आजी म्हणाल्या, "पुस्तक पुरुषानं लिव्हलंय."

थोरली जाऊ काहीच बोलत नव्हती. पटाकडं बघत होती. बावीस वर्षं दोघी एका चुलीवर होत्या, मागच्या दिवाळीत चुली वेगळ्या झाल्या. हे ओट्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्या गलक्यात हसणंही जरा जपूनच चाललं होतं.

धाकटीनं डब्यात हात घातला. चिठ्ठी निघाली पाच. तिनं राजाला हात लावला, थोरलीकडं बघितलं. थोरली म्हणाली, "बस की. तुझ्या हातात असलं तरी डाव आपलाच हाय न्हवं?" धाकटीनं राजा सोडला आणि त्याच पाचावर कडेचं एक प्यादं पुढं सरकवलं.

तेवढ्यात दूध उतू गेलं. चुलीकडं कुणाचं लक्षच नव्हतं. सगळ्या तिकडं धावल्या. पोरांनी गलबला केला, कुणाचं तान्हं उठलं, एकीला घरून बोलावणं आलं. डाव तसाच राहिला. शाळकरी पोरीनं कुठली सोंगटी कुठल्या घरात ते वहीच्या पाठच्या पानावर लिहून घेतलं, आणि सोंगट्या फडक्यात बांधून गटाच्या लोखंडी पेटीत ठेवल्या. धाकटीची पाळी झाली होती. आता आजींची पाळी आहे. त्यांचा राजा नसला तरी घोडा आणि दोन प्यादी अजून पटावर आहेत, आणि पुढल्या कोजागिरीला चिठ्ठी त्याच आधी काढणार आहेत.